पोळीचा हात आवरून : विदर्भातल्या स्वयंपाकघरात स्कोन भाजण्याची रीत

स्कोन, म्हणजे बेकिंग पावडरने फुगवलेले, चहाबरोबर खायचे छोटे ब्रिटिश पाव, दगडासारखे झाले की दोष ओव्हनला दिला जातो, ओव्हन नसेल तर कढईला, आणि दोन्ही निर्दोष ठरले की मैद्याला. प्रत्यक्षात बिघाड त्याच्या बराच आधी, परातीत झालेला असतो. आपल्याकडच्या हाताला कणीक तिंबण्याची सवय आहे. पीठ जितके मळावे तितकी पोळी मऊ, हे लहानपणापासून अंगात मुरलेले असते. स्कोनचे पीठ नेमके याच्या उलट वागते. त्यात भर म्हणून आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवलेले बटर मैदा चाळून होईपर्यंत तेलासारखे वाहू लागते. हे दोन मुद्दे, म्हणजे हलका हात आणि थंड स्निग्धांश, सांभाळण्यासाठीच पुढचा सगळा क्रम आखलेला आहे आणि तो बदलू नये.

1. सामान आणि मापे

आठ स्कोनसाठी 250 ग्रॅम मैदा, 60 ग्रॅम बटर, तीन सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे पिठीसाखर, पाव चमचा मीठ आणि 130 ते 150 मिलीलीटर थंड दूध एवढेच लागते. अंडे लागत नाही. बटर खारे असेल तर वरचे मीठ टाकू नये.

घरी वजनकाटा नसेल तर वाटीच्या मापावर विसंबू नये, कारण एका घरातल्या दोन वाट्यांतही फरक असतो. किराणा दुकानातून मैदा पावकिलोच बांधून आणावा, म्हणजे मोजण्याचा प्रश्नच मिटतो. बटरचे 100 ग्रॅमचे पाकीट मिळते. त्याच्या लांबीचे पाच सारखे भाग पाडून तीन घ्यावेत. दुधासाठी बाळाची मिलीलीटरच्या खुणा असलेली जुनी बाटली उत्तम. चमचा सपाट याचा अर्थ सुरीच्या पाठीने वरचा ढीग सारून टाकलेला. शिगोशीग भरलेल्या तीन चमच्यांत पाच चमचे पावडर सहज जाते आणि मग जिभेवर कडवट, तुरट चव राहते.

घरचे लोणी वापरायचे असेल तर त्यातले ताक पूर्ण काढावे लागते. गार पाण्यात तीन-चार वेळा धुऊन, तळहाताने दाबून पाणी निथळावे, गोळा करून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्यावे, आणि तरीही त्यात विकतच्या बटरपेक्षा पाणी जास्त असते हे धरून दूध दोन मोठ्या चमच्यांनी कमी घ्यावे. तूप चालते का, हे हमखास विचारले जाते. चालते, पण तुपात पाणी नसते. बटरमधले पाणी भट्टीत वाफ होऊन थर उचलते. तुपाच्या स्कोनला ते बळ मिळत नाही, त्यामुळे ते खुसखुशीत होतात पण कमी फुगतात. तूप घ्यायचेच तर 50 ग्रॅम पुरे, आणि ते फ्रीजमध्ये थिजवूनच.

गव्हाचे पीठ मिसळण्याचा मोह असेल तर एकूण वजनाच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवावे आणि दूध थोडे वाढवावे. सगळे स्कोन चक्कीच्या कणकेचे करून पाहिले आहेत. ते रोडगे झाले, आणि रोडगेच करायचे तर गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ते कितीतरी चांगले होतात.

*तपासणी : अर्ध्या वाटी कढत पाण्यात अर्धा चमचा बेकिंग पावडर टाकावी. लगेच जोरात फेस आला तरच ती वापरावी. पावसाळ्यात झाकण सैल राहिलेल्या डबीतली पावडर दमट होऊन निकामी होते, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही.*

*इशारा : बेकिंग पावडर आणि खाण्याचा सोडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पावडरीत सोड्याबरोबर आम्लही असते. नुसत्या सोड्याला आम्ल बाहेरून द्यावे लागते. तीन चमचे पावडरीऐवजी तीन चमचे सोडा पडला तर पदार्थ पिवळट, साबणाच्या चवीचा होतो आणि फेकावाच लागतो. पोटासाठीचे फ्रूट सॉल्टही टाकू नये. ते ओले होताच उसळते आणि स्कोन कापून होईपर्यंत त्यातला वायू निघून गेलेला असतो.*

दुधाऐवजी ताक घ्यायचे असेल तर ते आंबट पण दाट असावे, आणि पाव चमचा सोडा घालून बेकिंग पावडर दोन चमचेच करावी. ताकाचे स्कोन जास्त मऊ होतात, असा माझा अनुभव आहे.

2. आदल्या दिवशीची आणि पहाटेची तयारी

उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आत उरकावे. बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळते; मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे पारा 45 च्या आसपास खेळत असतो, तेव्हा दुपारच्या स्वयंपाकघरात कोणतीही युक्ती टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र हा सगळा त्रास नसतो, म्हणून पहिला प्रयत्न थंडीत करणे शहाणपणाचे.

रात्री दूध उकळून, गार करून फ्रीजमध्ये ठेवावे. चाळलेला मैदा स्टीलच्या डब्यात भरून तोही फ्रीजमध्ये ठेवावा. बटर कामाच्या अर्धा तास आधी बर्फाच्या कप्प्यात टाकावे. रात्रभर वीज नसेल तर फ्रीजचे दार उघडून पाहू नये. दार बंद राहिले तर गारवा बराच वेळ टिकतो. माठाच्या पाण्यात डबा ठेवण्याचा उपाय अपुरा आहे, कारण माठातला गारवा बटर कडक ठेवण्याइतका नसतो. हात मात्र त्या पाण्याने धुऊन, कोरडे पुसून घ्यावेत, त्याचा उपयोग होतो.

मनुका घालायच्या असतील तर मूठभर घ्याव्यात, कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून फडक्यावर पूर्ण कोरड्या कराव्यात. संत्र्याच्या दिवसांत सालीचा कीस घालावा. वरूड, मोर्शी, काटोलच्या भागात त्यासाठी बाजारातही जावे लागत नाही. साल किसताना नारिंगी भागच घ्यावा, आतला पांढरा भाग कडू असतो. दुधाऐवजी संत्र्याचा रस घालू नये. रसातल्या आम्लामुळे पावडरीचे गणित बिघडते आणि दुधाचा मऊपणाही जातो. गडचिरोलीकडे वाळलेली मोहफुले मिळतात; आतले पुंकेसर काढून, स्वच्छ धुऊन, बारीक चिरून ती मनुकांच्या जागी छान लागतात, परंतु त्यांचा वास सर्वांनाच आवडतो असे नाही.

3. भट्टी आधी, पीठ नंतर

दूध पिठात पडल्यावर बेकिंग पावडर कामाला लागते. त्यानंतर ओव्हन तापवायला ठेवला तर ते पंधरा-वीस मिनिटे पीठ परातीत पडून राहते आणि अर्धा फुगवटा तिथेच संपतो. म्हणून मैद्याला हात लावण्यापूर्वी ओव्हन 220 अंशांवर, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू करून, किमान वीस मिनिटे तापवावा.

गावातल्या विजेबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ओव्हनची कॉइल देते ती उष्णता विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 व्होल्टऐवजी 180 व्होल्ट येत असतील तर उष्णता जवळपास 61 टक्क्यांवर उतरते. बटण 220 वर असले तरी आत तेवढे तापमान यायला खूप वेळ लागतो, कधी येतच नाही. दिवा मिणमिणता दिसत असेल, पंखा रेंगाळत असेल, तर त्या वेळी ओव्हनचा नाद सोडून कढई किंवा तवा घ्यावा. शेतीपंप चालू असण्याची वेळ टाळता आली तर उत्तम.

कढईसाठी जाड लोखंडी कढई घ्यावी. तळाशी बोटभर जाडीचा कोरड्या मिठाचा किंवा धुऊन कडक उन्हात वाळवलेल्या वाळूचा थर पसरावा, त्यावर कुकरमधले स्टँड ठेवावे, घट्ट झाकण लावून मोठ्या आचेवर पंधरा मिनिटे तापवावे.

*इशारा : मीठ किंवा वाळू ओलसर असेल तर तापल्यावर उडते, म्हणून आधी कोरडेपणाची खात्री करावी. नॉनस्टिक भांडे रिकामे तापवू नये. कुकर वापरणार असल्यास शिटी आणि रबर दोन्ही काढून ठेवावीत आणि त्यात पाणी घालू नये. तरीही रिकाम्या कुकरला अशी आच सोसत नाही, म्हणून कढईच बरी.*

4. मैद्यात बटर मिसळणे

मैदा, बेकिंग पावडर, साखर, मीठ एकत्र करून दोनदा चाळावे. पावडर एकसारखी पसरली नाही तर स्कोन एका बाजूला उसळतो आणि त्यावर तपकिरी ठिपके येतात.

घट्ट बटर मोठ्या भोकांच्या किसणीने थेट मैद्यात किसावे. प्रत्येक पाच-सहा ओढींनंतर किसणी थांबवून कीस मैद्यात घोळवावा, नाही तर तो पुन्हा एकमेकांना चिकटून गोळा होतो. मग बोटांच्या टोकांनी, तळहात न लावता, पीठ उचलून उचलून चोळावे. तळहात गरम असतो. शंकरपाळ्याच्या मोहनासारखे एकजीव करायचे नाही. बहुतेक पीठ जाडसर रव्यासारखे दिसावे आणि अधूनमधून तुरीच्या डाळीएवढे बटरचे तुकडे शिल्लक राहावेत. हेच तुकडे भट्टीत वितळून आपली जागा रिकामी करतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि स्कोनला ती थरांची, हाताने उकलता येणारी ठेवण मिळते. मूठ वळून बघायची सवय असेल तर ती एकदाच बघावी आणि सोडून द्यावी.

*तपासणी : पीठ चोळताना बोटांना तेलकट चमक दिसू लागली, की बटर वितळते आहे. लगेच थांबून परात पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावी, किंवा मोठ्या परातीत बर्फ टाकून त्यावर ही परात ठेवावी. जिद्दीने पुढे रेटू नये.*

मनुका किंवा साल या टप्प्यावर, कोरड्या पिठातच मिसळावी. दूध घातल्यावर ती घालायची म्हणजे पुन्हा ढवळणे आले.

5. दूध घालणे

सर्वाधिक स्कोन इथे बिघडतात, म्हणून हा टप्पा नीट वाचावा.

पिठाच्या मध्ये आळे करून 130 मिलीलीटर थंड दूध एकदम ओतावे. चमच्या-चमच्याने घालत बसू नये, कारण प्रत्येक वेळी ढवळावे लागते. सुरीच्या पात्याने किंवा उलथन्याच्या कडेने पीठ कडेकडून मध्ये आणत, कापल्यासारखे हलवावे. दहा-बारा फिरवण्यांत पीठ ढेपाळलेले, ओलसर, थोडे चिकट आणि दिसायला अगदी ओबडधोबड झाले पाहिजे. परातीच्या तळाशी कोरडे पीठ उरले असेल तरच उरलेल्या दुधातले एक-दोन चमचे तिथे शिंपडावेत. उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने मैदा जास्त दूध ओढतो, श्रावणात कमी; म्हणूनच माप 130 ते 150 असे दिले आहे.

गव्हाच्या पिठातली प्रथिने पाण्याबरोबर मळली की एकमेकांत गुंतून चिवट जाळे तयार करतात. पोळी तव्यावर न फाटता ताणली जाते ती या जाळ्यामुळे, आणि स्कोन रबरासारखा होतो तोही या जाळ्यामुळेच. हे पीठ तिंबायचे नाही, ठेचायचे नाही, झाकून मुरायलाही ठेवायचे नाही. गोळा गुळगुळीत दिसला म्हणजे काम बिघडले, असे समजावे. माझ्या पहिल्या स्कोनचा गोळा इतका सुरेख झाला होता की घरातल्या मोठ्यांनी कौतुक केले. भाजल्यावर मात्र तो फोडायला अडकित्ता लागेल अशी अवस्था होती.

6. थापणे आणि कापणे

ओट्यावर किंवा पोळपाटावर मैदा भुरभुरावा. लाटणे वापरू नये. पीठ उलटून हाताने चेपत चौकोन करावा, त्याची एकावर एक अशी घडी घालावी, पुन्हा चेपावे, आणि हे दोन किंवा तीनदाच करावे. घड्यांमुळे थर पडतात, शिवाय पीठही आवरले जाते. शेवटी जाडी अडीच सेंटीमीटर ठेवावी. पातळ स्कोन फुगत नाही, तो वाळतो. आणि जाडीच्या बाबतीत आपल्या हाताला नेहमी पोळीची आठवण होते, म्हणून पट्टी लावून मोजण्यात कमीपणा मानू नये.

कापण्यासाठी पाच-साडेपाच सेंटीमीटरचा, पातळ कडेचा पेला किंवा डबीचे झाकण घ्यावे. कड मैद्यात बुडवून सरळ खाली दाबावे आणि सरळ वर उचलावे. पेला गोल फिरवला की कापलेल्या कडा एकमेकांना चिकटून बंद होतात आणि स्कोन वाकडा फुगतो. जाड, वळलेल्या कडेचा स्टीलचा पेला असेल तर तो बाजूला ठेवून धारदार सुरीने चौकोन कापावेत. कातरणही उरत नाही. उरलेल्या कातरणाचा गोळा मळू नये, तुकडे एकमेकांवर रचून चेपावे. त्या शेवटच्या एक-दोन स्कोनचे रूप थोडे विस्कटलेले राहते, ते करणाऱ्याने खावे.

वरून दूध लावताना बोटाने किंवा कापसाच्या बोळ्याने फक्त माथ्यावर लावावे. ओघळ बाजूवर उतरला तर तिथे थर चिकटतात आणि त्या बाजूने स्कोन उठत नाही.

7. भाजणे

रोडग्यांना निखाऱ्यांचा मंद, लांबचा शेक लागतो. स्कोनला पहिल्या पाच-सहा मिनिटांतच कडक आच मिळाली पाहिजे, कारण वाफ आणि वायू दोन्ही त्याच वेळात स्कोनला वर उचलतात. मंद आचेवर बटर आधी वितळून थाळीत पसरते, आणि तळाशी तळल्यासारखा स्कोन मिळतो.

ओव्हनमध्ये मधल्या खणात, स्कोन एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवून 12 ते 15 मिनिटे भाजावेत. फार लांब ठेवू नयेत. जवळ ठेवलेले स्कोन एकमेकांच्या आधाराने सरळ वर जातात. पहिली दहा मिनिटे दार उघडू नये. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही, त्याला कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा फिरवून भाजण्याची, सोय लागते.

कढईत तापलेल्या स्टँडवर तूप लावलेली थाळी ठेवून, सांडशीने झाकण बसवून, मध्यम आचेवर 20 ते 25 मिनिटे भाजावे. कढईला वरून आच नसल्याने माथा पांढरा राहतो. त्यासाठी शेवटी स्कोन काढून गरम तव्यावर दोन मिनिटे पालथे घालावेत. चूल असेल तर कड असलेल्या झाकणावर निखारे ठेवता येतात, आणि तो रंग सर्वांत चांगला येतो. मात्र हे अंगणात किंवा मोकळ्या पडवीतच करावे. बंद खोलीत धुमसणाऱ्या निखाऱ्यांचा वायू जिवावर बेततो.

दोन्हींपैकी काहीच जमण्यासारखे नसेल तर तवा आहे. स्कॉटलंडात तव्यावरचे स्कोन आजही करतात, तेव्हा ही तडजोड मानण्याचे कारण नाही. मात्र जाडी निम्मी, म्हणजे सव्वा सेंटीमीटर ठेवावी. बिडाचा तवा मंद-मध्यम आचेवर तापवून त्यावर चिमूटभर मैदा टाकावा. तो मिनिट-दोन मिनिटांत फिकट तपकिरी झाला तर आच बरोबर आहे, लगेच काळा पडला तर जास्त. प्रत्येक बाजू सहा-सात मिनिटे भाजावी, एकदाच उलटावे, उलथन्याने दाबू नये.

*तपासणी : तळ सोनेरी तपकिरी हवा, बाजू बोटाने दाबल्यावर परत वर यायला हवी, आणि मध्ये खुपसलेली काडी कोरडी निघायला हवी. माथ्याच्या रंगावरून निर्णय घेऊ नये.*

8. बिघाड कशावरून ओळखावा

स्कोन बसका आणि जड झाला, पण चव ठीक असेल, तर पावडर जुनी होती किंवा पीठ कापल्यानंतर वाट पाहत बसले. बसका आणि वातड असेल तर पीठ मळले गेले. पसरून बिस्किटासारखा झाला तर बटर वितळले होते किंवा दूध जास्त पडले. एकाच बाजूने कलला तर पेला फिरवला गेला किंवा दूध बाजूवर ओघळले. बाहेरून काळपट आणि आतून कच्चा असेल तर ओव्हनमध्ये खण एकाने खाली घ्यावा, कढईत आच कमी करून वेळ वाढवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सगळ्याच बदलल्या तर नेमके काय सुधारले ते कळत नाही.

9. काढल्यानंतर

स्कोन लगेच जाळीवर किंवा उपड्या चाळणीवर काढावेत; थाळीतच राहिले तर तळाला घाम येतो. कवच मऊ हवे असेल तर वर कोरडे सुती फडके झाकावे, खुसखुशीत हवे असेल तर उघडे ठेवावे. पाच-दहा मिनिटांनी, सुरी न लावता, हाताने मधोमध उकलावेत; थर नीट पडले असतील तर स्कोन आपोआप त्याच रेषेवर उघडतो. इंग्लंडात यावर मंद आचेवर आटवलेली घट्ट साय आणि जॅम लावतात. म्हशीच्या दुधाची रात्रभर धरलेली जाड साय त्या कामाला पुरेशी आहे, आणि जॅमच्या जागी आवळ्याचा मोरंबा बारीक करून लावला तर त्याची आंबट-तुरट चव सायीला चांगली तोडते.

स्कोन त्याच दिवशी खावेत. उरलेच तर गार झाल्यावर घट्ट डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी माथ्यावर पाण्याचा हलका हात फिरवून, झाकलेल्या तव्यावर मंद आचेने चार-पाच मिनिटे गरम करावेत. कापलेले कच्चे स्कोन बर्फाच्या कप्प्यात थाळीवर सुटे गोठवून मग पिशवीत भरले तर दोन-तीन आठवडे राहतात. भाजताना ते वितळवू नयेत, थेट तापलेल्या भट्टीत ठेवून तीन-चार मिनिटे जास्त द्यावीत. मात्र मध्येच बराच वेळ वीज जाऊन ते मऊ पडले असतील तर पुन्हा गोठवू नयेत, त्याच दिवशी भाजून टाकावेत.